बाभळीचा मूठभर पाला

चांदी मेंढीने बाभळीच्या पाल्याला तोंड लावलं आणि पशुकेंद्राने गळ्यात बांधलेल्या विजेच्या पट्ट्याने तिला सणसणीत झटका दिला. कालच तिची बहीण नुसता लसूणघास खाऊन पोट फुगून मेली होती. पाठीवरच्या झोळीतल्या तान्हुलीला थोपटत हौसा त्या पट्ट्यावरच ओरडली, "अहो डॉक्टर, घासात सोडायच्या आधी मूठभर बाभूळ खाऊ द्या की तिला!"

"ताई, बाभळीत टॅनिन असतं," केंद्रावरचा डॉक्टर पट्ट्यातून बोलला. "ते प्रथिनं धरून ठेवतं, पचू देत नाही."

"लई खाल्लं तर! थोडं तुरट पोटात गेलं की घासाचा फेस होऊन पोट फुगत नाही, वर दूधही वाढतं. आमच्या आत्याबाईंना हे तुमच्या पट्ट्याआधीपासून ठाऊक हाय."

"पट्ट्यात 'थोडं' अशी सोयच नाही, ताई. हो किंवा नाही, एवढंच."

हौसाच्या अंगाची लाही लाही झाली. तान्हुलीला ओवा चिमूटभर द्यायचा असतो, मूठभर नाही. एवढंही ज्याला कळत नाही, त्याने तिच्या मेंढरांचा घास ठरवायचा? तिने लोकर कापायची कातर आणली आणि पट्टा कचकन कापला.

"नाडी लागत नाही. मेंढी मृत," पट्टा म्हणाला.

"मेली गं बायांनो, बघायला या!" हौसाने हाळी दिली. शेजारणी धावत आल्या, तर चांदी निवांत पाला ओरबाडत होती. त्या तशाच मागे फिरल्या, आपापल्या कातरी आणायला.

दुपारी केंद्राच्या पडद्यावर अख्ख्या वाडीची मेंढरं मेली. डॉक्टर धापा टाकत पोचला, तेव्हा ती बाभळीखाली रवंथ करत बसली होती.