उपरण्याखालचा भाव

पिकअपला किती मागावेत, तेच रुपचंदभाऊंना कळेना. त्र्याऐंशी सालची गाडी, आठ वर्षं मिरच्या वाहिलेली. गॅरेजवाला एक आकडा सांगे, मेहुणा दुसराच. शेवटी भाऊंनी बैलबाजारात करतात तेच केलं. गाडी बघायला आलेल्या धनसिंगआबांचा हात उपरण्याखाली घेतला आणि बोटं दाबून भाव सांगितला. आबांनी एक बोट सोडलं, भाऊंनी पुन्हा धरलं. अर्ध्या तासाने दोघांनी माना हलवल्या आणि गाडी आबांच्या दारात गेली. भोवती निम्मं गाव उभं होतं, पण आकडा कोणालाच कळला नाही.

दोन दिवसांनी पिठाच्या गिरणीवर दोघांच्या बायका भेटल्या.

"आमना मालक सांगतस, पंचवीस हजारमा लिधी," आबांची पुष्पाबाई म्हणाली.

"आमना मालक तर गावभर पस्तीस सांगी राह्यनात," भाऊंची भागाबाई म्हणाली.

"मंग मधला दहा हजार कोठे ग्यात?"

गिरणीवाल्याने पट्टाच थांबवला. भागाबाईने पुष्पाबाईला कोपऱ्यात ओढलं. "कोठेच नही. आमनी पेटीमा तीस हजार शेतस, मी सोता मोजेल शेतस."

पुष्पाबाईचा चेहरा उतरला. "म्हनजे आम्ही फसनूत का?"

भागाबाईने पिठाचा डबा डोक्यावर घेतला आणि हसली.

"नही वं बाई. दोन्हीबी सारखंच खोटं बोलनात, म्हनजे भाव बरोबर शे."