गुरुवारचं फिलिंग

“दात पांढरे केले की पुढचे पंधरा दिवस फिलिंग करायचं नाही, वच्छलाबाई. पेशंट कितीही घाईत असो. सिमेंट नीट धरत नाही, कडेला फट राहते.” थोरले डॉक्टर हात धुता धुता हे सांगायचे. ते जाऊन चार वर्षं झाली. जळगावच्या त्या दवाखान्यात आता त्यांचा मुलगा ललित बसत होता आणि वच्छलाबाई नेहमीसारख्या खुर्चीशेजारी उभ्या होत्या.

खुर्चीत सारिका होती. लग्नाला अजून दोन महिनेही झाले नव्हते. समोरच्या दातातल्या फिलिंगच्या कडेने तपकिरी रेघ उमटली होती.

“कणीस खाल्लं असेल,” ललित म्हणाला. “नाहीतर सुपारी.”

“नाही हो. गार पाणीसुद्धा जपून पिते मी.”

“मग दातच मुळात कच्चा. त्याला मी काय करणार?”

सारिका खुर्चीत सरळ बसली. “सासूबाईंनी फोन केला तेव्हाही तुम्ही हेच सांगितलंत. आता त्या पारोळ्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, ‘किडेल दातनी पोर आमना गयामा बांधी.’ किडक्या दाताची मुलगी गळ्यात बांधली म्हणे. मला माहेरी धाडलंय, डॉक्टर. हळदीच्या आधी दोन्ही कामं एकाच बैठकीत उरकू, असं तुम्हीच म्हणाला होतात.”

ललितने हातमोजे काढले. “मी असं म्हणेन कशाला? वच्छलाबाई, तुम्हाला आठवतंय का असं काही?”

“आठवतंय,” वच्छलाबाई हळूच म्हणाल्या.

ललितने हातमोजे डब्यात फेकले.

“दात पांढरे केलेत आणि हिला खुर्चीवरून उठूही न देता फिलिंग भरलंत. मी ट्रे मागे ओढला होता.”

“मग तेव्हा का नाही बोललात?”

“गुरुवार होता. बारा वाजेपर्यंत माझं मौन असतं, तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही हसून म्हणालात, ‘बाई, आज देवाला दिलेला शब्द पाळा.’ म्हणून तर हिला गुरुवारी सकाळी बोलावलंत.”

“पेशंटसमोर काय बोलताय हे! बाबांच्या मागे तुम्हाला ठेवून घेतलं ते यासाठी?”

सारिका त्यांच्याकडे बघत होती. डॉक्टरांकडे तिने आता पाहिलंही नाही.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं, अक्का?”

“हो.”

“त्या दिवशी निघताना मी तुमच्या पाया पडले होते.”

“हो, बाळ.”

“आणि तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात.”

सारिकाने पदराने तोंड पुसलं. “हे सगळं सासूबाईंसमोर बोलाल?”

“बोलेन. आजच जाते.”

वच्छलाबाईंनी ॲप्रन काढला, घडी करून खुर्चीच्या हातावर ठेवला आणि चपला घातल्या. मागून ललितने दोनदा हाक मारली.

स्टँडवर धुळ्याची गाडी लागलेलीच होती. कंडक्टरकडून पारोळ्याचं तिकीट घेऊन त्या खिडकीशी बसल्या आणि ओठांतल्या ओठांत जुळवू लागल्या, ‘ताई, मी जळगावच्या दवाखान्यातून आलेय. फिलिंग भरलं तेव्हा मी तिथेच उभी होते.’

पहिलं वाक्य लगेच जमलं. दुसरं तोंडातून पुरतं निघेपर्यंत एरंडोल मागे पडलं होतं.