पडद्याखालच्या चपला

तळवलीची सून मोडलेला हात घेऊन आली तेव्हा माझ्या प्रत्येक प्रश्नाला सासूच उत्तर देत होती. "बाथरूममदी घसरली, सिस्टर." शेवटी मी सासूला बाहेर पाठवलं, पडदा ओढला, स्टूल घेऊन सुनेजवळ बसले. "आता आपण दोघीच. काय झालं ते तूच सांग." मग गप्प राहिले. आम्हाला हेच शिकवतात, विचारायचं आणि थांबायचं. तिचे डोळे भरले. "सिस्टर, मी घसरले नाय, मला..." तेवढ्यात तिला पडद्याखालून सासूच्या हिरव्या चपला दिसल्या. "घसरलेच," ती म्हणाली. मी चिडून पडदा सरकवला. चपला रिकाम्या होत्या. सासू त्या तिथंच काढून पॅसेजच्या टोकाला एकवीरा आईच्या फोटोपुढे हात जोडून उभी होती. "बघ, इथं कुणीच नाही. बोल." सुनेनं कॉटवरून उतरून धड हातानं चपला उचलल्या आणि सासूच्या पायांपुढे नेऊन ठेवल्या.