हत्ती परत येतो

"थांबवा!" हिरव्या पडद्यासमोर खुर्ची टाकून बसलेल्या म्हाताऱ्या लेखिकाबाई कडाडल्या. "माझा उडता हत्ती लढाईत मरतो. हा परत कसा आला?"

निशिकांत गडबडला. लहानपणापासून जिवापाड जपलेल्या कादंबरीवर तो एवढा मोठा सिनेमा करत होता, आणि हा शेवट त्यानं स्वतःच आठवणीतून लिहिला होता. "बाई, असं काय करता? बुरुजावर पोरगं वाट बघत असतं. हत्ती येतोच."

खरं तर पुस्तक त्यानं स्वतः कधी वाचलंच नव्हतं. त्याला वाचता येत नव्हतं तेव्हा ताईनं वाचनालयातून आणून ते रोज संध्याकाळी वाचून दाखवलं होतं. पुढं त्याला तो आवाजच पुरला.

शूटिंग बघायला आलेल्या ताईकडे त्यानं पाहिलं. ती पदराशी चाळा करत म्हणाली, "शेवटच्या प्रकरणाला आलो आणि बाबा गेले रे. घरात एक मरण पुरे होतं. हत्तीला मारवेना मला."

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग वाऱ्यासाठी मांडलेल्या भल्यामोठ्या पंख्यांकडे बोट दाखवत त्या खेकसल्या, "बघत काय बसलात? लावा पंखे. बुरुजावर पोरगं वाट बघतंय."