पुढच्या बाथरूमचा नळ

प्लंबरने पाना पिशवीत टाकला आणि नळ सोडला. आधी गार पाणी आलं, मग कोमट, मग त्याने झटकन बोट मागे घेतलं.

"घ्या काका, बघा कसं कढत येतंय. दिवसभर ऊन खाल्लंय टाकीने."

सासऱ्यांनी हात धुतले. धाकट्याने धुतले. थोरल्याने तर तोंडच धुतलं आणि नव्या आरशात बघून केस मागे सारले. पुढच्या अंगणातली ही बाथरूम घरातल्या तीन पुरुषांची. तिला आता पांढरी फरशी आली होती, साबणाला कोनाडा आला होता.

थोरल्याची बायको, घरातली एकुलती सून, काखेत रिकामा हंडा घेऊन दारात उभी होती. सोलरच्या काचेच्या नळ्या सकाळी तिनेच एकेक करून शिडीवरून छपरावर पोचवल्या होत्या.

"मागच्या न्हाणीत कधी येईल?" तिने विचारलं.

प्लंबरने आधी सासऱ्यांकडे पाहिलं. "मागे पाइप सांगितला नाही, ताई. एक नळ इथे, दुसरा गोठ्यात. दुधाच्या किटल्या धुवायला."

"आणि मोरीत?"

"मोरीत कशाला?" सासरे टॉवेलला हात पुसत म्हणाले. "भांडी काय गार पाण्याने निघत नाहीत? आणि तुम्हा दोघींचं चुलीवर तापतंच की. चूल कुठे पळून चाललीय?"

"पण मामा, सरपण वाचावं म्हणूनच घेतलं ना हे? शाळेत सोलरची सभा झाली तेव्हा त्या बाई काय म्हणाल्या? बायकांचे लाकडाचे भारे कमी व्हावेत. सगळ्यांत आधी मी हात वर केला होता."

"मग झालेच की कमी. आमच्या तिघांच्या अंघोळीचं पाणी तापवायला नको आता. निम्मं काम गेलं तुझं."

"पुढच्या वर्षी काढू मागे पाइप," थोरला आरशातूनच म्हणाला. "आता कशाला तोंड वाजवतेस?"

तिने हंडा खाली आपटला. हंड्याला पोचा पडला.

"छपरावरून पाणी इथवर उतरलं. त्या भिंतीपलीकडे जायला त्याला वर्ष लागतं का हो? तुमच्या आईची बोटं थंडीत फुटतात. रक्त भांड्याला लागतं, ते मी पुन्हा विसळते आणि त्यातच तुम्हाला वाढते. गोठ्यातल्या किटल्यांचं सुचलं तुम्हाला. माणसांचं नाही सुचलं."

"आवाज खाली," सासरे म्हणाले. "परका माणूस उभा आहे."

परका माणूस मान खाली घालून टेप गुंडाळत होता. गुंडाळून झाली तरी गुंडाळतच होता.

सून तरातरा मागे गेली. सासूबाई मोरीत उकिडव्या बसून भांडी घासत होत्या. बोटांना चिंध्या बांधलेल्या, चिंध्या भिजून काळ्या झालेल्या. भिंत अशी काही जाड नव्हती, सगळं ऐकू आलं होतं, तरी त्यांनी विचारलं.

"आलं का पाणी?"

"पुढे आलं. गोठ्यात आलं."

"इथे?"

"भांडी गार पाण्याने निघतात म्हणे."

सासूबाई घरात फारसं कधी बोलतच नसत. त्यांनी हातातली वाटी विसळली, पालथी घातली, आणि गुडघ्यावर हात रेटून उठल्या.

"ते मोठं पातेलं घे," त्या म्हणाल्या. "काजळीचं. आणि तवा घे. मी कढई घेते."

पुढच्या अंगणात प्लंबर शिडी खांद्यावर टाकून निघाला होता. त्याने बाजूला होऊन वाट दिली. दोघी भांड्यांचा ढीग घेऊन बाथरूममध्ये शिरल्या आणि आतून कडी लागली.

सासरे पंचा नेसून, खांद्यावर धुवट कपडे टाकून पहिल्या अंघोळीला आले, तेव्हा दाराखालून काळं पाणी वाहत होतं. त्यांच्या चपला भिजल्या.

त्यांनी दार ठोठावलं. "कोण आहे आत?"

"आम्ही," आतून सासूबाईंचा आवाज आला.

"आम्ही म्हणजे? मला अंघोळ करायचीय!"

तवा घासल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

आत पांढऱ्या फरशीवर राख आणि काजळी पसरली होती. भांडी निघाली, लख्ख निघाली. सून ती आवरायला वाकली, तर सासूबाईंनी बोटांच्या चिंध्या एकेक करून सोडल्या आणि हात नळाखाली धरले. पाणी कढत होतं. त्यांचा चेहरा आक्रसला, पण त्यांनी हात काढले नाहीत. मग त्या नेसत्या लुगड्यानिशी स्टुलावर बसल्या.

"पाठीवर ओत."

सुनेने बादली भरून तांब्याने पाणी घातलं. सासूबाईंनी डोळे मिटले. आजवर त्यांची अंघोळ सगळ्यांच्या शेवटी, तळाशी उरलेल्या अर्ध्या बादलीत व्हायची. आता ओंजळीतून, मांडीवरून, फरशीवरून पाणी नुसतं वाहत होतं.

"आई, ऐकतेस का!" बाहेर आता दोन्ही मुलंही आली होती. दार गदागदा हलत होतं. "गरम पाणी संपेल ना सगळं!"

सुनेचा तांब्या हवेत थबकला. तिने सासूबाईंकडे पाहिलं.

"थांबलीस का?" सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "ओत. टाकी रिकामी होऊ दे."