सूर्य समोर होता

शुक्रवारी अंबरनाथचे कारखाने बंद, म्हणून चिंतामणी घरीच. हेमूच्या कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ आहे. हेमू नाही. जानेवारीत, सूर्य मावळताना, त्याचं विमान धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलं. चौकशीवाले म्हणाले, उजेड व्यवस्थित होता, पट्टी दिसत होती, चूक शिकाऊ वैमानिकाची. चिंतामणी म्हणाला, सूर्य समोर होता, माझ्या पोराला काही दिसलंच नसणार.

पण खेळातला सूर्य म्हणजे नुसता पिवळा ठिपका, डोळ्यांवर येतच नाही. म्हणून बदलापूरच्या गच्चीतून मलंगगडामागे बुडणारा सूर्य डोळे दिपेपर्यंत बघायचा, तसंच खाली यायचं, तेवढा उजेड मॉनिटरखालच्या बटणाने पडद्यावर आणायचा. विमान उतरवायचं. बटण जरा पुढे. विमान उतरवायचं. बटण जरा पुढे. विमान

"उतरलं का हो?" कुंदा चहा घेऊन दारात उभी होती.

"उतरलं."

"म्हणजे पट्टी दिसतेय."

"दिसतेय. दर वेळी दिसतेय, कुंदा."

तिने कप टेबलावर ठेवला. वाकून बटण शेवटपर्यंत फिरवलं. पडदा पांढराफटक झाला. आकाश नाही, पट्टी नाही.

"आता?"

"आता काहीच नाही दिसत."

"मग एवढा होता उजेड त्या दिवशी," ती म्हणाली. "चहा घ्या, निवतोय."