केळं आणि लवंग

तापातून उठल्यापासून तनयला कशाचाच वास येत नव्हता, आणि वायनरीतली त्याची नोकरी तर वाईनचा वास पारखण्याचीच. महिनाभर त्याने कसंबसं निभावून नेलं. सोबतच्यांना शंका येऊ नये म्हणून रविवारी त्याने त्यांना घरीच गव्हाची बिअर चाखायला बोलावलं. गव्हाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, एवढं त्याने पाठ करून ठेवलं होतं. ठेवणीतले उंच ग्लास कपाटातून काढून पुसले, पुन्हा पुसले, तरी जिवाला स्वस्थता नव्हती.

बिअर ओतल्यावर सगळे त्याच्याकडेच बघायला लागले. त्याने ग्लासात नाक खुपसलं, डोळे मिटले.

"केळं," तो म्हणाला. "आणि मागाहून लवंग."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग त्याच्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या योगिनीने आपला ग्लास हुंगला, बाकीच्यांवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, "हो. लवंग जरा जास्तच आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि ग्लास रिकामे केले. तनयच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात आई भजी घेऊन आली. बशी ठेवायला जागा करावी म्हणून तिने एक ग्लास उचलला आणि नाक मुरडलं. "अरे, हे न धुताच घेतलेस का? कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास मारतोय नुसता."

तनयची मान वर होईना.

"लवंग आहे ती, काकू," योगिनी म्हणाली, आणि तिने आपला रिकामा ग्लास पुन्हा त्याच्यापुढे धरला.